थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये मेलचं खातं चालत नसेल तर: नवख्यांसाठी पायरी-पायरीनं दुरुस्ती

संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये काही अडलं की बहुतेक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करतात: खातं काढून टाकतात आणि नव्यानं जोडतात. कृपया तिथून सुरुवात करू नका. चुकीचं सेटिंग पुन्हा तसंच भरलं तर एररही पुन्हा तीच येणार. आणि खातं पॉप प्रकारचं असेल तर नुकसान फार मोठं होऊ शकतं, कारण त्यातले मेल अनेकदा फक्त तुमच्या संगणकावरच असतात, सर्व्हरवर (म्हणजे मेलसेवेच्या संगणकावर) त्यांची प्रत उरलेली नसते. खातं काढताना थंडरबर्ड मेसेजचा डेटाही पुसायचा का, असं विचारतो. त्या चौकटीत टिक केलीत की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला.

खातं न चालण्याची कारणं मोजकीच असतात. ती ठरावीक क्रमानं तपासत गेलं की घोडं कुठं पेंड खातंय ते बहुतेक वेळा अर्ध्या तासात कळतं. खालची उदाहरणं मुख्यतः थंडरबर्डची आहेत. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि त्यात सगळी सेटिंग्ज उघड दिसतात. आउटलुक किंवा ॲपल मेलमध्ये मेनूची नावं वेगळी असतील, पण आत भरायची माहिती तीच.

सर्व्हरची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायची आणि ‘डॉट’च्या जागी टिंब द्यायचं.

पहिली पायरी: मेल प्रोग्रॅम बाजूला ठेवा, ब्राउझर उघडा

खातं मुळात ठीक आहे का, ते आधी बघायचं. ब्राउझरमध्ये खासगी विंडो उघडा आणि तुमच्या मेलसेवेच्या साइटवर पत्ता व पासवर्ड हातानं टाइप करून लॉगिन करा. खासगी विंडोच हवी, कारण नेहमीच्या विंडोत तुम्ही आधीपासून लॉगिन असता आणि पासवर्ड खरोखर बरोबर आहे की नाही हे तपासलंच जात नाही.

आत गेल्यावर तीन गोष्टी बघा. सुरक्षेची एखादी सूचना आली आहे का? नव्या प्रोग्रॅमनं लॉगिनचा प्रयत्न केला की काही सेवा तो संशयास्पद समजून अडवतात आणि ‘हे तुम्हीच होतात का’ असं विचारतात. तिथे होकार दिला की काम पुढे सरकतं. दुसरं, जागा संपली आहे का? गूगलच्या मोफत खात्यात मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून असते. फोटोंनी ती भरली तरी मेल येणं थांबतं, आणि माणूस मात्र मेल प्रोग्रॅमची सेटिंग्ज चाळत बसतो. तिसरं, तिथूनच स्वतःला एक मेल पाठवून बघा.

ब्राउझरमध्येही लॉगिन होत नसेल तर मेल प्रोग्रॅमला हात लावू नका. आधी खातं सोडवून घ्या. ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत असेल तर बिघाड तुमच्या संगणकाच्या बाजूला आहे किंवा संगणक आणि सर्व्हर यांच्या मधल्या रस्त्यात.

दुसरी पायरी: मेल येत नाहीत, की जात नाहीत?

हा एक प्रश्न नीट विचारला तर निम्मं काम होतं. तुम्हाला खातं एक दिसतं, पण प्रोग्रॅमच्या दृष्टीनं त्यात दोन स्वतंत्र जोडण्या असतात. मेल आणणारी जोडणी आयमॅप किंवा पॉप या पद्धतीनं चालते, मेल पाठवणारी एसएमटीपीनं. दोन्हींचा सर्व्हर वेगळा, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या दारानं आत जायचं त्याचा क्रमांक) वेगळा, आणि प्रोग्रॅममध्ये जतन केलेला पासवर्डसुद्धा वेगळा. म्हणूनच ‘मेल येतात, पण पाठवता येत नाहीत’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते. तिच्यात गूढ काही नाही: पहिली जोडणी बरोबर आहे, दुसरी चुकली आहे. अशा वेळी येणाऱ्या मेलच्या सेटिंग्जना अजिबात हात लावायचा नाही.

आयमॅप आणि पॉप यांतला फरकही इथेच समजून घ्या. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतात आणि प्रत्येक उपकरणावर तेच दिसतात. फोनवर वाचलेला मेल संगणकावरही वाचलेला दिसतो. पॉप मेल उतरवून घेतं आणि तशी सेटिंग असेल तर सर्व्हरवरून पुसूनही टाकतं. ‘फोनवर मेल दिसतच नाहीत, सगळे लॅपटॉपवर गेले’ असं झालं असेल तर लॅपटॉपवर पॉप आहे असं समजा. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आयमॅपच निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉपला कारण असेल तरच हात घाला, आणि घातलात तर ‘मेसेज सर्व्हरवर ठेवा’ ही टिक आधी तपासा. थंडरबर्डमध्ये पॉपचं खातं आहे त्या जागी आयमॅपमध्ये बदलता येत नाही. आयमॅपचं खातं शेजारी नवं जोडायचं, जुने मेल त्यात ओढून घ्यायचे, ते ब्राउझरमध्ये दिसू लागले याची खात्री करायची आणि मगच पॉपचं खातं काढायचं.

तिसरी पायरी: एरर वाचा, बंद करू नका

एररची खिडकी आली की हात आपोआप ‘ओके’कडे जातो. थांबा. पूर्ण मजकूर कॉपी करून ठेवा किंवा स्क्रीनशॉट घ्या. ‘लॉगिन झालं नाही’ आणि ‘सर्व्हरशी जोडणी झाली नाही’ ही वाक्यं सारखी वाटली तरी त्यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत. लॉगिन नाकारलं गेलं, याचा अर्थ सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलात, त्यानं उत्तर दिलं आणि ते उत्तर नाही असं होतं. म्हणजे सर्व्हरचं नाव, पोर्ट, इंटरनेट सगळं ठीक आहे. भानगड युजरनेममध्ये, पासवर्डमध्ये किंवा लॉगिनच्या पद्धतीत आहे. जोडणीच झाली नसेल तर पासवर्ड तपासण्याची वेळच आलेली नाही. तेव्हा तो दहा वेळा बदलून काही होणार नाही.

मेल पाठवताना सर्व्हर तीन आकडी कोड देतो. ४ नं सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळानं पुन्हा करा. ५ नं सुरू होणारा म्हणजे पक्का नकार, काहीतरी बदलल्याशिवाय पुढे जाणार नाही. नेहमी दिसणारे कोड असे: ५३५ म्हणजे युजरनेम-पासवर्ड मान्य नाही. ५३४ बहुधा साधा पासवर्ड चालणार नाही, ॲप पासवर्ड (तो काय, ते पाचव्या पायरीत) द्या असं सांगतो. ५३० म्हणजे आधी लॉगिन करा किंवा आधी सुरक्षित जोडणी सुरू करा. ५५० बरोबर ‘रिले’ हा शब्द दिसला तर तुम्ही लॉगिन न करता पाठवायचा प्रयत्न करताय. म्हणजे एसएमटीपीच्या सेटिंगमध्ये ‘नो ऑथेंटिकेशन’ निवडलेलं आहे. त्याच ५५० बरोबर समोरच्याचा पत्ता दिसला तर बहुधा तो पत्ता टाइप करतानाच चूक झाली आहे आणि तुमच्या खात्यात दोष नाही. ५५२ म्हणजे मेल फार जड झाला. जीमेलवरून पाठवायची मर्यादा २५ एमबी आहे, पण जोडलेली फाइल मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशानं फुगते. त्यामुळे २० एमबीची फाइलसुद्धा अडू शकते.

चौथी पायरी: सर्व्हर, पोर्ट आणि सुरक्षा

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडा. डावीकडे तुमच्या खात्याखाली ‘सर्व्हर सेटिंग्ज’ दिसेल, ती येणाऱ्या मेलसाठी. पाठवण्याच्या सर्व्हरची यादी त्याच डाव्या रकान्यात सगळ्यात खाली, सगळ्या खात्यांची मिळून एकत्र असते. नवख्या माणसाला ती सापडतच नाही, कारण तो ती आपल्या खात्याच्या आत शोधत राहतो. क्लासिक आउटलुकमध्ये (म्हणजे आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये) फाइल मेनूतून अकाउंट सेटिंग्जमध्ये जा. तिथे चाचणी घेण्याचं बटण असेल तर ते दाबा: मेल आणण्याचा आणि पाठवण्याचा निकाल ते वेगवेगळा दाखवतं.

मोठ्या सेवांची सेटिंग्ज अशी आहेत (एसएसएल/टीएलएस आणि स्टार्टटीएलएस या जोडणी सुरक्षित करण्याच्या दोन पद्धती):

जीमेल: येणारे मेल आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणारे एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ ला एसएसएल/टीएलएस किंवा ५८७ ला स्टार्टटीएलएस.

आउटलुक डॉट कॉम: येणारे आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणारे एसएमटीपी-मेल डॉट आउटलुक डॉट कॉम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस.

याहू: येणारे आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणारे एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट ४६५, एसएसएल/टीएलएस.

आयक्लाउड: येणारे आयमॅप डॉट मेल डॉट मी डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणारे एसएमटीपी डॉट मेल डॉट मी डॉट कॉम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस. आयक्लाउडला पॉप चालत नाही.

ऑफिसचा किंवा स्वतःच्या डोमेनचा (डोमेन म्हणजे पत्त्यातला ॲटनंतरचा भाग) मेल असेल तर ही माहिती होस्टिंगवाल्याच्या नियंत्रण पॅनेलमध्ये किंवा सिस्टिम ॲडमिनकडे मिळते. अंदाजानं भरू नका. खातं जोडताना थंडरबर्ड स्वतःच सेटिंग्ज शोधतो. ती डोमेनवर किंवा त्याच्या स्वतःच्या यादीत सापडली नाहीत तर तो नेहमीची नावं लावून बघतो, आणि तो अंदाज चुकू शकतो. म्हणून छोट्या डोमेनच्या बाबतीत हातानं सेटिंग्ज भरण्याचा पर्याय निवडलेला बरा.

आता एक जागा जवळून बघू, कारण इथे लोक तासन्‌तास अडकतात. पोर्ट आणि सुरक्षेचा प्रकार यांची जोडी जुळावीच लागते. ९९३, ९९५ आणि ४६५ या पोर्टांवर पहिल्या क्षणापासून जोडणी एन्क्रिप्टेड (म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात) असते, तिथे एसएसएल/टीएलएस निवडायचं. १४३, ११० आणि ५८७ वर जोडणी साधी सुरू होते आणि मग एन्क्रिप्टेड होते, तिथे स्टार्टटीएलएस.

समजा तुम्ही पोर्ट ९९३ ठेवलात पण सुरक्षा स्टार्टटीएलएस निवडलीत. आता काय होतं? तुमचा प्रोग्रॅम सर्व्हरच्या साध्या भाषेतल्या पहिल्या ओळीची वाट बघत थांबतो. सर्व्हर मात्र तुमच्याकडून एन्क्रिप्शनची सुरुवात होईल म्हणून थांबलेला असतो. दोघंही एकमेकांची वाट बघतात. एरर येत नाही, खाली नुसतं ‘जोडत आहे’ फिरत राहतं आणि बऱ्याच वेळानं टाइमआउट होतो. उलट चूक केलीत, म्हणजे ५८७ ला एसएसएल/टीएलएस लावलंत, तर एरर लगेच येते, पण तिचा मजकूर एन्क्रिप्शनबद्दलचा आणि दुर्बोध असतो. प्रोग्रॅमनं एन्क्रिप्टेड उत्तराची अपेक्षा ठेवलेली असते आणि हाती साधा मजकूर पडतो. तेव्हा नुसतंच फिरत राहिलं किंवा एसएसएलबद्दल अगम्य काही दिसलं तर पहिल्यांदा ही जोडी तपासा.

पाठवण्यासाठी कुठे पोर्ट २५ लिहिलेलं सापडलं तर ते आता विसरा. ते सर्व्हरांच्या आपापसातल्या देवाणघेवाणीसाठी आहे. स्पॅम रोखण्यासाठी कित्येक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी ते बंदच ठेवतात.

पाचवी पायरी: पासवर्ड बरोबर आहे, तरी नाकारला जातोय

सगळ्यात जास्त माणसं इथे वैतागतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. ब्राउझरमध्ये चालणारा पासवर्ड थंडरबर्डमध्ये टाकला की सर्व्हर नाही म्हणतो. पासवर्ड खरंच बरोबर असतो. पण मोठ्या सेवा आता मेल प्रोग्रॅमकडून तो पासवर्ड घेतच नाहीत. गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या युजरनेम-पासवर्डवर चालणारं लॉगिन ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. मायक्रोसॉफ्टनं आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी ते १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केलं. त्याआधी लिहिलेल्या कुठल्याही सूचनांमध्ये ‘कमी सुरक्षित ॲप्सना परवानगी द्या’ असं सांगितलेलं असेल तर तो पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

आता दोन मार्ग आहेत. पहिला आणि चांगला मार्ग ओऑथ२. यात प्रोग्रॅम एक छोटी खिडकी उघडतो, तुम्ही गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉगिन करून परवानगी देता आणि प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी एक टोकन मिळतं. तुमचा पासवर्ड प्रोग्रॅममध्ये साठवलाच जात नाही. थंडरबर्डमध्ये ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ला ‘नॉर्मल पासवर्ड’ऐवजी ‘ओऑथ२’ निवडा. मग खाली पाठवण्याच्या सर्व्हरमध्ये जाऊन तिथेही तेच निवडा. दुसरा भाग बऱ्याच जणांकडून राहून जातो आणि मग मेल येतात पण जात नाहीत. दोन्ही बदलल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

लॉगिनची खिडकी कोरी आली किंवा परवानगी देऊनही पुन्हा पुन्हा तीच येत राहिली तर थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन कुकीज स्वीकारण्याची टिक आहे का ते बघा. कुकीज बंद असतील तर हे लॉगिन पूर्ण होत नाही, आणि एररमध्ये त्याचा उल्लेखही नसतो.

दुसरा मार्ग ॲप पासवर्डचा. प्रोग्रॅमला ओऑथ२ येत नसेल, किंवा आयक्लाउडसारखी सेवा तोच मागत असेल, तर हा वापरायचा. गूगलच्या खात्यात त्यासाठी आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असावं लागतं. मग खात्याच्या सुरक्षा पानावरून १६ अक्षरांचा एक स्वतंत्र पासवर्ड तयार करता येतो. तो चार-चार अक्षरांच्या गटांत, एकदाच दाखवला जातो. कॉपी-पेस्ट करताना शेवटी एखादी जास्तीची जागा चिकटून येते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हा पासवर्ड मधल्या जागा न देता हातानं टाइप केलेला चांगला.

ॲप पासवर्डची एक खोच लक्षात ठेवा: गूगल आणि ॲपल दोन्हींकडे खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. कालपर्यंत चालणारा मेल आज अचानक थांबला तर मधल्या काळात पासवर्ड बदललात का, हे आठवून बघा. बदलला असेल तर नवा ॲप पासवर्ड करून घ्या.

नवा पासवर्ड घेतल्यावर जुना प्रोग्रॅममधून काढावाही लागतो. थंडरबर्डच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ची यादी आहे. तिथे तुमच्या खात्याच्या दोन ओळी दिसतील: एक आयमॅपनं सुरू होणारी, एक एसएमटीपीनं. ओऑथ२ वापरत असाल तर ओऑथनं सुरू होणारी ओळ असेल. त्या खात्याच्या सगळ्या ओळी निवडून काढा, प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि विचारल्यावर नव्यानं द्या. खातं डिलीट करून लोकांना जो फायदा मिळतो तो बहुतेक वेळा एवढ्यानंच मिळतो, आणि मेलना धक्काही लागत नाही.

युजरनेमकडेही एकदा बघाच. बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता लागतो. काही ऑफिसांत फक्त ॲटच्या आधीचा भाग किंवा वेगळा कर्मचारी आयडी लागतो. आयक्लाउडला येणाऱ्या मेलसाठी सहसा ॲटच्या आधीचं नाव आणि जाणाऱ्यासाठी पूर्ण पत्ता लागतो, म्हणजे एकाच खात्यात दोन वेगळी युजरनेम.

दोन खाती असतील तर हे जरूर तपासा

संगणकावर घरचं आणि ऑफिसचं अशी दोन खाती असली की आणखी एक घोळ होतो, आणि तो फार उशिरा लक्षात येतो. थंडरबर्डमध्ये प्रत्येक खात्याच्या मुख्य पानावर ‘आउटगोइंग सर्व्हर’ निवडायची यादी असते. ऑफिसच्या खात्याला तिथे चुकून घरचा जीमेल सर्व्हर लागलेला असतो. मेल जातात, एरर येत नाही, तुम्ही निश्चिंत असता. पण तो पत्ता जीमेलमध्ये ‘पाठवणारा’ म्हणून पडताळलेला नसेल तर जीमेल त्याऐवजी तुमचा जीमेल पत्ता लावून मेल पुढे पाठवतं. समोरच्याला ऑफिसचं पत्र तुमच्या खासगी पत्त्यावरून आलेलं दिसतं. दुसऱ्या काही सेवा ५५३ कोड देऊन ‘हा पत्ता तुमचा नाही’ म्हणत थेट नकार देतात. आणि मेल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून तसाच गेला तर कुठल्या सर्व्हरनं पाठवायचं याच्या त्या डोमेनच्या नोंदींशी तो जुळत नाही आणि स्पॅममध्ये जाऊन पडतो. ‘माझे मेल लोकांच्या स्पॅममध्ये का जातात’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. प्रत्येक खात्यापुढे त्याचाच सर्व्हर आहे, याची खात्री करून घ्या.

सर्टिफिकेटचा इशारा आला तर

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला. आधी संगणकाचं घड्याळ आणि तारीख बघा. तारीख चुकलेली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही मुदत संपलेलं किंवा अजून सुरू न झालेलं ठरतं. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी संपली की हे हमखास होतं.

तारीख बरोबर असेल तर सर्टिफिकेटवर कोणतं नाव आहे ते उघडून वाचा. स्वतःच्या डोमेनवर तुम्ही ‘मेल डॉट तुमचं डोमेन’ असं भरलेलं असतं आणि सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचं असतं. तेव्हा अपवाद मान्य करून पुढे जाण्यापेक्षा, सर्टिफिकेटवरचं ते नाव होस्टिंगवाल्याकडून पडताळून तेच सर्व्हरच्या जागी भरा. त्या नावाऐवजी तुमच्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर तो मेलची जोडणी मधेच उघडून तपासतोय. त्याच्या सेटिंग्जमध्ये मेल स्कॅनिंग बंद करून बघा. ओळखीचं काहीच दिसत नसेल तर अपवादाचं बटण दाबू नका. पासवर्ड त्याच जोडणीवरून जाणार आहे, आणि समोर कोण बसलंय हे माहीत नसताना तो देणं धोक्याचं आहे.

संगणक किंवा प्रोग्रॅम फार जुना असेल तर वेगळी अडचण येते. २०२० मध्ये आलेल्या थंडरबर्ड ७८ पासून टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद आहेत, आणि मोठे सर्व्हरही १.२ किंवा त्यापुढची आवृत्ती मागतात. एका बाजूला नवं, दुसऱ्या बाजूला जुनं असेल तर जोडणी होत नाही. प्रोग्रॅम अद्ययावत करणं हाच त्यावरचा इलाज.

रस्ता मोकळा आहे का?

सेटिंग्ज बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होत नाही? फोनचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर चाललं तर ऑफिसचं किंवा कॉलेजचं नेटवर्क ते पोर्ट अडवतंय. तिथल्या नेटवर्कवाल्यांना पोर्टचा आकडा सांगून विचारा. व्हीपीएन सुरू असेल तर बंद करून बघा. सार्वजनिक वायफायवर आधी ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं, ते भरल्याशिवाय मेल हलत नाही. आणि प्रोग्रॅम चुकून ‘वर्क ऑफलाइन’वर तर नाही ना, तेही बघा. थंडरबर्डमध्ये अगदी खाली डाव्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह असतं आणि चुकून दाबलं जातं.

खातं जोडलं गेलं, पण मेल अर्धवट दिसतात

मोठ्या खात्याच्या पहिल्या उतरवणीला तास लागतात, त्यामुळे घाई करू नका. जीमेल आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबीपर्यंतच उतरवू देतं, तेव्हा जुनं भरलेलं खातं एका दिवसात पूर्ण येईलच असं नाही.

एखादा फोल्डर दिसतच नसेल तर फोल्डर ‘सबस्क्राइब’ केलेला आहे का ते थंडरबर्डमध्ये बघा. जीमेल असेल तर ब्राउझरमधल्या जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘लेबल्स’च्या पानावर प्रत्येक लेबलापुढे ते आयमॅपमध्ये दाखवायचं की नाही, अशी चौकट असते. तीच बंद असेल तर मेल प्रोग्रॅम काहीही करू शकत नाही. क्लासिक आउटलुकमध्ये फक्त अलीकडचे मेल दिसत असतील तर खात्याच्या सेटिंगमधली ‘किती काळाचे मेल ऑफलाइन ठेवायचे’ ही पट्टी शेवटपर्यंत सरकवा.

मेल आहेत पण यादीत विस्कळीत किंवा कोरे दिसतात, असं असेल तर त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘रिपेअर फोल्डर’ दाबा. त्यानं फोल्डरची सूची नव्यानं बांधली जाते. आयमॅपच्या खात्यात हे बिनधास्त करा, मेल सर्व्हरवर सुरक्षित असतात.

एकाच जीमेल खात्याला फोन, टॅबलेट, दोन संगणक असं बरंच काही जोडलेलं असेल तर मधूनच जोडणी तुटते, कारण एका वेळी १५ आयमॅप जोडण्यांची मर्यादा आहे आणि एकटा थंडरबर्ड मुळात पाचपर्यंत जोडण्या धरून ठेवतो. ‘सर्व्हर सेटिंग्ज’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये हा आकडा दोनवर आणला की त्रास थांबतो.

मदत मागायची वेळ आली तर

‘मेल चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर समोरचा पहिल्या पायरीपासून प्रश्न विचारणार आणि दोन दिवस त्यातच जाणार. त्याऐवजी असं लिहा: ‘विंडोज ११, थंडरबर्ड, खातं आयमॅप. ब्राउझरमध्ये लॉगिन होतं. मेल येतात, पाठवताना ५३५ ही एरर येते, पूर्ण मजकूर सोबत जोडला आहे. एसएमटीपीचा सर्व्हर, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस, नॉर्मल पासवर्ड. जतन केलेला पासवर्ड काढून पुन्हा टाकला. हॉटस्पॉटवरही तसंच.’ थंडरबर्डची आवृत्ती ‘अबाउट’मध्ये मिळते, तीही द्या.

पासवर्ड मात्र कुणालाही लिहून पाठवू नका, अगदी मदत करणाऱ्यालाही नाही. सेटिंग्ज दुरुस्त करायला त्याची गरज लागत नाही. स्क्रीनशॉट पाठवत असाल तर त्यात ॲप पासवर्डची खिडकी उघडी राहिलेली नाही ना, हे आधी बघा. आणि उत्तर येईपर्यंत सेटिंग्ज आहेत तशीच ठेवा. मधल्या वेळात चार गोष्टी बदलल्यात तर तुम्ही कळवलेली एरर आणि संगणकावरची एरर वेगळी होते, आणि समोरच्याचा सल्ला भलत्याच बिघाडाला लागू पडतो.